हातभर दोरा

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या ज्या नगराला फारुकी सुलतानांनी इ. स. १४०० च्या सुमारास बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी सत्पुरुषाचे नाव दिले, ज्याच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरून ठेवण्याचे औदार्य आदिलशहा फारुकीने दाखविले, ज्याच्या भूगर्भात अब्दुर्रहीम खानखानानच्या अमदानीत खणलेल्या कुंड्यांची रांग आजही पाणी वाहून आणते, आणि जिथे १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहलचा प्रसूतीत अंत झाला, त्या बुऱ्हाणपुराची ओळख इतिहासग्रंथांत बहुधा सुलतान, सुभेदार आणि वेढे यांच्या द्वारे करून दिली जाते. परंतु या गावाच्या पोटापाण्याचा वृत्तांत पाहू जाता तो तलवारीपेक्षा सुतानेच अधिक लिहिला गेला आहे. येथे कापड विणले गेले, रंगले, त्यावर सोन्यारुप्याची तार चढली, आणि त्या कापडावर या गावाने आपले वैभव आणि आपली पडती अशी दोन्ही पाहिली. अशा गावात एखाद्या विद्यार्थिनीने सुट्टीत सुई हाती घ्यावी ही गोष्ट दिसायला क्षुल्लक असली, तरी तिच्या मागे फार लांबचा धागा आहे.

येथील एका मराठी कुटुंबात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक कुंची शिवली गेली. शिवणारी मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या थोरल्या बहिणीला बाळ झालेले, बारसे सणानंतर सोयीने करावयाचे ठरलेले, आणि बाजारात तयार कुंच्या हव्या तितक्या मिळत असतानाही बाळाच्या डोक्यावर मावशीच्या हातची कुंची असावी असा हट्ट तिने आपणहून धरलेला. त्या घराशी माझा जुना घरोबा असल्यामुळे हे काम मला आरंभापासून अखेरपर्यंत जवळून पाहता आले. ते पाहताना माझ्या मनात जो विचार दृढ होत गेला तो असा, की हातकामाला आज खरी अडचण साहित्याची नाही, शिकवणाऱ्यांची तर मुळीच नाही. अडचण आहे ती मोकळ्या वेळेची, आणि तो वेळ विद्यार्थ्याच्या आयुष्यात उरलाच असेल तर तो केवळ सुट्टीत उरला आहे.

परंतु सुट्टीदेखील आता नावापुरतीच मोकळी राहिली आहे. बुऱ्हाणपुरातील लालबागच्या स्टेशनावर ही मुलगी उतरली तेव्हा तिच्या पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप होता, त्यात एक अपुरा प्रकल्प-अहवाल होता, आणि उन्हाळ्यातील उमेदवारीसाठी एका कंपनीकडे करावयाचा अर्ज दिवाळीच्या आतच धाडण्याची ताकीद होती. घरी पाऊल टाकताच माळ्यावरची पितळी भांडी उतरवून चिंचेने घासणे, कपाटे रिकामी करून पुन्हा लावणे, अनारशांच्या पिठावर नजर ठेवणे, चकल्यांचा सोऱ्या फिरवणे, वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतच्या प्रत्येक तिथीचे मागणे पुरवणे, शहापूरच्या मामांकडे एक दिवस जाऊन त्यांची केळीची बाग पाहून येणे, आलेल्यागेलेल्यांशी बोलणे आणि मधूनच बहिणीच्या बाळाला मांडीवर घेऊन बसणे, असा कामांचा जो अखंड ओघ सुरू झाला, त्यातून कुंचीसाठी वेळ काढावयाचा म्हणजे तो एका बैठकीत मिळणे शक्यच नव्हते. दुपारची निजानीज झाल्यावर तास-दीड तास आणि रात्री जेवणे आटोपल्यावर डोळे साथ देतील तोवर, एवढीच तिची वहिवाट ठरली. शिवणाची जागा मात्र आजीने पहिल्याच दिवशी मुक्रर केली: माजघराच्या उत्तरेकडील खिडकीखाली, जिथे दिवसभर उजेड असतो आणि ऊन येत नाही.

कुंचीची रचना ठाऊक नसलेल्या वाचकासाठी तिचा थोडा तपशील देणे अवश्य आहे. बाळंतविड्यात जी अंगडी, टोपडी, दुपटी आणि लंगोट असतात त्यांत कुंची ही मानाची वस्तू होय. तिचा वरचा भाग टोपीसारखा डोक्यावर बसतो, कान झाकतो. मागून मानेपाशी चुण्या घालून जोडलेला घोळ पाठीवरून खाली उतरतो. चेहऱ्याभोवती जरीची किंवा खणाची कड असते. हनुवटीखाली बांधायला बंद असतात. थंडीवाऱ्यापासून डोके, कान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकणे हा तिचा उपयोग, आणि चार माणसांत बाळ उठून दिसणे ही तिची शोभा. या घरातील कुंचीसाठी आजीने आपल्या लग्नातील शालूचा एक जीर्ण पदर काढून दिला. रेशीम काही जागी विरले होते, पण काठ शाबूत होता, आणि जरी खरी होती. जिथे सोन्याचा मुलामा झिजला होता तिथे खालचे रुपे काळवंडून दिसत होते. असे शालू कित्येक घरांतून बोहारणीच्या भांड्यांच्या मोबदल्यात गेले किंवा जरी वितळवून रुपे काढण्यासाठी विकले गेले. हा मात्र राहिला होता.

पहिला प्रश्न अर्थातच यंत्राचा निघाला. घरात पायाचे शिलाई मशीन चालू स्थितीत होते, आणि नातीने विचारलेही, “आजी, मशीनवर हे तासाभरात होईल की गं?”

“मलमलीचं होईल,” आजी म्हणाली, “काठाचं नाही व्हायचं. आणि तान्ह्याच्या कानाशी ती टणक शीव टोचेल, ती वेगळीच.”

या उत्तरात कापडाचे शास्त्र आहे. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून घट्ट बसतात, म्हणून ती शीव मजबूत असली तरी ताठ राहते. हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याचा असल्यामुळे कापडाबरोबर वाकतो. मशीनची सुई आपल्या गतीने जिथे पडेल तिथे छिद्र करते, आणि रेशमात पडलेले छिद्र सहसा बुजत नाही. जरीचा धागा तर मुळात रेशमाभोवती गुंडाळलेली धातूची चपटी, अतिसूक्ष्म पट्टी असते. सुई तिच्यातून आरपार गेली की पट्टी तुटते आणि तुटलेले टोक उभे राहून बोचते. हाताने शिवणारा मनुष्य दोन धाग्यांमधील मोकळी जागा सुईच्या अग्राने चाचपून शोधतो आणि तिथूनच सुई पार करतो. वेग कमी पडतो तो या शोधामुळे, आणि कापड वाचते तेही या शोधामुळेच.

पुढच्या काही दुपारी शिवणापेक्षा पूर्वतयारीतच गेल्या. अस्तराची मलमल आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावी लागली, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि न धुता लावलेले अस्तर पुढे आटले की वरचे रेशीम फुगून येते. मग ताणा कोणता आणि बाणा कोणता हे कापड दोन्ही दिशांनी हलके ओढून ठरवावे लागले. ताण्याचा धागा कमी ताणला जातो, म्हणून घोळ उभ्या ताण्यावर बेतला तरच तो सरळ पडतो. अस्तर वरच्या कापडाहून दोराभर कमी कापावे, नाहीतर ते कडेने बाहेर डोकावते. सुई बारीक हवी, आणि हातशिलाईच्या सुईच्या बाबतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला प्रथमच कळले. दोरा मेणाच्या गोळीवरून ओढून घ्यावा, म्हणजे त्याला पीळ पडत नाही. आणि तो हातभरच घ्यावा. पुन्हा पुन्हा ओवण्याचा कंटाळा म्हणून तिने एकदा लांब दोरा घेतला, तेव्हा तो दर टाक्याला गुंतत गेला, कापडातून वारंवार घासला जाऊन विरला, आणि शेवटी तुटला. आजी काही बोलली नाही. तिने फक्त आपल्या कोपरापासून बोटापर्यंतचा दोरा मोजून, तोडून नातीच्या हाती दिला.

खरी कसोटी चुण्यांची होती. घोळाची वरची कड टोपीच्या खालच्या कडेहून बरीच लांब असते आणि ती जास्तीची लांबी सारख्या चुण्यांत जिरवावी लागते. त्यासाठी कडेला समांतर असे बारीक धावदोऱ्याचे दोन पदर घालावयाचे, दोन्ही दोरे एकदम ओढून कापड गोळा करावयाचे, आणि मग चुण्या बोटांनी सारख्या वाटून टोपीच्या कडेला टाचावयाच्या. एकच दोरा घातला तर चुण्या लवंडतात. दोन्ही पदरांतील टाके एकाखाली एक नसतील तर चुणी तिरकी बसते. मध्य आणि चतुर्थांश यांच्या खुणा आधी केल्या नाहीत तर एका बाजूला दाटी आणि दुसऱ्या बाजूला ओढ होते. पहिल्या खेपेला नेमके हेच झाले. तिने सगळे उसवले, रेशमाला पाण्याचा हात न लावता नुसत्या बोटांनी सुरकुत्या सारख्या केल्या, आणि खुणा करून पुन्हा आरंभ केला. दुसऱ्या दिवशी फराळाच्या करंज्यांना मुरड घालताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “आजी, हे तर चुण्यांसारखंच आहे.” करंजीची मुरड आणि कुंचीची चुणी यांत अंगठा आणि तर्जनी यांचे काम खरोखरच एक आहे: थोडे घ्यावयाचे, दाबावयाचे, आणि पुढचे तेवढेच घ्यावयाचे. त्या संध्याकाळी चुण्या बऱ्याच सारख्या पडल्या.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. शिकवणे एकाच दिशेने चालले नव्हते. आजीची इच्छा कुंचीला मोत्यांची झिरमिळी लावण्याची होती, कारण तिच्या वेळचा तसा शिरस्ता होता. नातीने ती नम्रपणे पण ठामपणे नाकारली. सुटलेला मोती तान्ह्याच्या तोंडात जाऊ शकतो आणि लांब बंद गळ्याभोवती आवळू शकतात, असे तिचे म्हणणे होते, आणि ते रास्त होते. बंद आखूड झाले, मोत्यांच्या जागी रेशमी दोऱ्याचे बारीक ठिपके भरले गेले, आणि सगळ्या गाठी अस्तर आणि वरचे कापड यांच्या मधल्या पोकळीत गेल्या, म्हणजे बाळाच्या त्वचेला एकही लागू नये. परंपरा जिवंत राहते ती अशी, जाणता सोडायला आणि नवा धरायला तयार असला म्हणजे.

त्या शालूचा काठ हाती घेतला की बुऱ्हाणपुराच्या जुन्या कारखान्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. मोगल अमदानीत येथे बादशाही कारखाने होते, आणि १७ व्या शतकात या गावातून प्रवास केलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये येथील तलम कापडाचे वर्णन करताना लिहितो, की ते इराण, तुर्कस्तान, मस्कोवी, पोलंड, अरबस्तान आणि कैरो येथपर्यंत जाते; सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेल्या ओढण्यांचा तो खास उल्लेख करतो. ती तार कशी होत असे? रुप्याच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती तापवून एकजीव करीत. मग क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून, म्हणजे जंतरातून, ती ओढून केसासारखी तार काढीत, आणि नवल असे की रुपे कितीही लांबले तरी वरचे सोने त्याच्याबरोबर लांबत जाऊन त्याला झाकून ठेवी. ती तार हातोडीने चपटी केली की बादला, आणि बादला रेशमाभोवती वळला की कलाबतू. ओढणारा वेगळा, चपटी करणारा वेगळा, वळणारा वेगळा, विणणारा वेगळा. एका काठात कित्येक हातांचे कसब एकवटलेले असे, आणि त्यांतील कोणा एकाचीही सही त्यावर नसे.

त्या व्यवसायाची पडती एका दिवसात झाली नाही. मोगली दरबाराचा आश्रय दुबळा झाला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये हा मुलूख निजामाकडून मराठ्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला आणि मग इंग्रजांच्या अंमलाखाली आला. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पुरा झाला तेव्हा यंत्राचे कापड दाराशी आले. १९०६ मध्ये लालबागेत ताप्ती मिल उभी राहिली, आणि नंतरच्या काळात घरोघरी यंत्रमाग बसले. आज जरीचे मोठे केंद्र तापीच्याच काठी, पण मुखाजवळ, सुरतेत आहे. बुऱ्हाणपुराच्या विणकर मोहल्ल्यांतून मात्र यंत्रमागांचा खडखडाट भिंतींतून ऐकू येतो. यंत्रमागावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो आणि त्याचा अनादर करण्याचे कोणालाही कारण नाही. परंतु यंत्रमागाच्या गावातही हाताचे काम घराच्या आत टिकून आहे. लोधीपुऱ्यातील दर्गा-ए-हकीमीमुळे प्रसिद्ध असलेल्या या गावात दाऊदी बोहरा समाजाची वस्ती जुनी आहे, आणि त्या समाजातील पुरुषांची पांढऱ्या-सोनेरी दोऱ्याची टोपी परंपरेने घरच्या स्त्रियांनी क्रोशाने विणलेली असते. मराठी घरातील कुंची आणि बोहरा घरातील टोपी या दोन्ही वस्तू बाजारासाठी नव्हे, तर आपल्या माणसाच्या डोक्यासाठी होतात, हे साम्य मला मोलाचे वाटते.

सुईदोऱ्याचा मराठी मनाशी असलेला संबंध या गावात आणखी एका स्थळी दृष्टीस पडतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना बुऱ्हाणपुरात राहिले होते, आणि त्यांच्या त्या वास्तव्याची स्मृती बडी संगत या गुरुद्वाऱ्यात जपलेली आहे. तेथे पूजिल्या जाणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात शिंप्याच्या घरी जन्मलेल्या आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्यांत गज, कातर, सुई, दोरा ही शिंपीकामाची सामग्री नामस्मरणाच्या प्रतिमा होऊन येते. हाताचे काम आणि चित्ताची एकाग्रता यांचे नाते आपल्या संतांनी इतक्या पूर्वी ओळखले होते, की ते नव्याने सिद्ध करावयाची गरजच नाही. गरज आहे ती त्याप्रमाणे वागण्याची.

तसे वागण्याचे प्रयत्न आपल्या शिक्षणात झालेले आहेत. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनात शिवणकामाला मानाचे स्थान होते, कारण ज्या स्त्रियांना शिक्षण द्यावयाचे त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधनही द्यावे असा त्या संस्थेचा हेतू होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सारे प्राथमिक शिक्षण गुंफण्याची तजवीज मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. त्याही आधी, १८६६ मध्ये, फिनलंडने आपल्या प्राथमिक शाळांत हस्तकला हा आवश्यक विषय केला होता. आपल्याकडे मात्र शिवण हळूहळू मुलींचा विषय, मग फावल्या तासाचा विषय, आणि अखेर प्रदर्शनापुरता विषय होत गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची मुभा सुचविली आहे, आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीतही अशी संधी असावी असे म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. बुऱ्हाणपुरासारख्या गावात तर अशा कारागिरांसाठी दूर जावे लागणार नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे माग चालू आहेत.

परंतु एक गोष्ट धोरणाने साधत नाही. हातकामाला लागणारा वेळ तुकड्यांत चालतो, मात्र त्या तुकड्यांमध्ये मन दुसरीकडे गहाण पडलेले चालत नाही. या मुलीला अहवालाची चिंता असलेल्या दिवशी टाके मोठे पडत, आणि अहवाल धाडून झाल्यावरच्या रात्री तेच टाके बारीक आणि सारखे पडत, हे कापडावर स्पष्ट दिसत होते. आपण विद्यार्थ्यांच्या सुट्ट्या शिकवण्या, शिबिरे, उमेदवारी आणि प्रमाणपत्रे यांनी भरून टाकतो तेव्हा आपण त्यांचा आळस काढतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः ज्या वेळेत एखादे किचकट काम चुकावे, उसवावे आणि पुन्हा जमावे, तो वेळच आपण काढून घेतो. परीक्षेतील चूक लाल शाईने संपते; चुणीतील चूक स्वतःच्या हाताने उसवावी लागते आणि त्याच कापडावर पुन्हा काम करावे लागते. दुसऱ्या प्रकारची शिस्त शाळेच्या घड्याळात क्वचितच बसते.

ही शिस्त फक्त मुलींच्या वाट्याला का यावी, हाही प्रश्न त्या खिडकीखाली आपोआप सुटला. नववीत शिकणारा धाकटा भाऊ प्रथम दोऱ्यावर मेण ओढून देण्यापुरता बसला. मग त्याने सुईत दोरा ओवला. मग आपल्या शाळेच्या सदऱ्याचे तुटलेले बटण लावले, आणि बटणाखाली दोऱ्याची छोटी मान ठेवावी लागते, नाहीतर काजात ते बसत नाही, हे आजीकडून शिकला. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हसलेही नाही. आई-वडिलांनी एवढेच केले की त्याला उठवले नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांपाशी, विशेषतः ज्यांच्या घरी सुट्टीत विद्यार्थी आलेले आहेत त्यांच्यापाशी, माझे मागणे अगदी आटोपशीर आहे. सुट्टीतील काही दिवस मोकळे सोडा आणि त्या दिवसांत एखादे असे काम मुलांच्या, मुलग्यांच्याही, हाती द्या, की जे एका बैठकीत होणार नाही, जे पहिल्या प्रयत्नात जमणार नाही, आणि जे घरातील कोणा जाणत्या माणसाला विचारल्यावाचून पुरे होणार नाही. शाळांनी असे काम करून आणणाऱ्या मुलाला तक्त्यावर लावायला प्रमाणपत्र देऊ नये. ते काम कसे केले हे वर्गापुढे सांगायला एक तास द्यावा. आणि ज्या आजी-आजोबांच्या बोटांत अजून विद्या आहे, त्यांनी मुलांना वेळ नाही असे समजून ती आपल्यापाशी ठेवू नये. मुलांना वेळ नाही हे खरे असले, तरी तो मिळवून देण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांचा आहे, आणि तो त्यांनी या दिवाळीपासूनच बजावावा.